शिवणीतील माया

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की पूर्वी सर्वांत आधी पेटी उघडली जात असे. आईचे विरलेले लुगडे, ओटीत आलेला परंतु न शिवलेला खण, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले धोतर, अशा वस्तू बाहेर निघत. आणि दुपारची झाकपाक आटोपली म्हणजे घरातील बायका माजघरात सुईदोरा घेऊन बसत. दुपटी, झबली, अंगडी, टोपडी तयार होत, आणि सर्वांत शेवटी, मानाची म्हणून, कुंची. ज्या तरुण वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, कुंची म्हणजे मागे पाठभर पदर सोडलेली टोपी. कापडाच्या लांबट तुकड्याचे एक टोक दुमडून त्याची मागली कड शिवली की डोक्याचा भाग होतो. मानेशी चुण्या घालतात. उरलेले कापड पाठीवरून खाली रुळते. पुढे हनुवटीशी बांधावयास दोन बंद, आत मलमलीचे अस्तर, आणि कडेने गोट.

आमच्या घरी अशी एक कुंची होती. आमच्या मातोश्रींनी ती शिवली होती. आम्ही भावंडांनी आणि पुढे आमच्या मुलांनी ती अंगावर मिरवली. 2005 च्या जुलैत कोकणात जो महापूर आला, त्यात आमची जुनी पेटी भिजली आणि कुंचीला बुरशी चढली. त्या वेळी आम्हांस दाखले आणि घराच्या कागदांचीच चिंता अधिक होती. कुंची केव्हा टाकून दिली गेली हेही आम्हांस आठवत नाही.

गेल्या मार्गशीर्षात पेण येथे महिला बचत गटांच्या वस्तूंची जत्रा भरली होती. आमची धाकटी सून त्या वेळी आठव्या महिन्यात होती. तिला घरी ठेवून आम्ही, सौ. आणि आमच्या थोरल्या वहिनी असे तिघे जत्रेस गेलो. पेणच्या पापडांचे व पोह्यांचे गाळे होते, कडवे वाल होते, सुपे-टोपल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात गोधड्यांच्या गाळ्यावर, दोरीला लावलेली एक कुंची होती. हिरव्या खणाची, तांबड्या काठाची. मानेच्या बरोबर मागे, चुण्या संपतात तेथे, पाच टाक्यांचे लहानसे फूल होते. ते पाहताच आम्ही जागीच थबकलो. कारण आमच्या मातोश्रींच्या कुंचीवर त्याच जागी तसलेच फूल होते, अशी आमची पक्की आठवण होती.

किंमत विचारली. बाई म्हणाल्या, "सहाशे."

यापुढे जे झाले ते सांगताना संकोच वाटतो. परंतु सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. एवढ्याशा कापडाला सहाशे रुपये! आम्ही सवयीने चेहरा आंबट केला आणि म्हटले, "चारशेला देता का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, हाताचं काम आहे. एक टाका मशीनचा नाही." आम्ही 'बघू' म्हणून पुढे गेलो. मनात असे की, फिरून येऊ, तोवर बाई नरमतील. चहा घेऊन अर्ध्या तासाने परत आलो तो दोरी रिकामी होती. मुंबईची कोणी मंडळी अलिबागेस जाता जाता जत्रेत उतरली होती. त्यांनी सहाशे मोजून कुंची नेली.

घरी येईपर्यंत सौ. काही बोलल्या नाहीत. देवापुढे दिवा लावून झाल्यावर मात्र म्हणाल्या, "अहो, मोबाइलच्या कव्हराला परवा सातशे दिलेत, तेव्हा दुकानदाराला 'कमी करा' म्हणालात का?" आम्ही चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले, या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जत्रा गाठली. गाळ्यावरच्या बाईंना ती कुंची कोणी शिवली हे ठाऊक नव्हते. रोह्याकडच्या एका गटाच्या गाठोड्यातून ती आली, एवढेच त्यांना सांगता आले. "एकच होती. पुन्हा आली तर ठेवीन," असे म्हणून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

वस्तूवर गावाचे नाव असते, माणसाचे नसते, हे पेणच्या माणसास नवे नाही. पेणचा गणपती म्हणून जी मूर्ती देशोदेशी जाते, ती पेणेत किंवा हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत कोणाच्या हातांनी घडते, तिच्या डोळ्यांची आखणी कोणी केली, हे मूर्ती घरी नेणाऱ्यांपैकी किती जण विचारतात? आम्हीही आजवर कधी विचारले नव्हते. अमरकोशात शिंप्यास 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' अशी दोन नावे आहेत, विणकरास 'तन्तुवाय' व 'कुविन्द' ही आहेत, चोळीस 'चोल' व 'कूर्पासक' ही आहेत. धंदा करणाऱ्यास कोशात जागा मिळाली. घरच्यांसाठी दुपारी शिवीत बसणाऱ्या स्त्रीचे काम धंद्यात धरलेच गेले नाही, आणि म्हणून तिचे नाव विचारण्याची सवयही कोणास लागली नाही.

आमच्याजवळ सुगावा काय तो थोरल्या वहिनींच्या बोटांत होता. वहिनींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. जत्रेत आम्ही घासाघीस करीत होतो तेव्हा त्यांनी कुंची उलटी करून पाहिली होती. त्यांनी आम्हांस जो पाठ दिला तो वाचक-भगिनींनाही उपयोगी पडेल. यंत्राच्या टिपेस दोन दोरे लागतात, एक सुईतला आणि एक खालच्या बॉबिनचा. ते कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात, म्हणून दोन्ही बाजूंनी टीप सारखी दिसते. (अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियास हौ याने 1846 मध्ये घेतले.) हाताच्या शिवणीत दोरा एकच, तोच वर येतो, तोच खाली जातो. हातची उलटी टीप वरून यंत्रासारखी दिसली तरी आतून टाके एकमेकांवर चढलेले असतात. "आणि," वहिनी म्हणाल्या, "त्या कुंचीची टीप वाटेत बारीक होत होती अन् पुन्हा मोठी. बाई म्हातारी आहे. डोळे थकले की टाका मोठा पडतो. उठून पाणी पिऊन आली की पुन्हा बारीक." खण नवा नव्हता, हेही त्यांनी ओळखले होते. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा जुना खण, अरुंद पन्ह्याचा. म्हणून डोक्याच्या भागास जोड द्यावा लागला होता, आणि तो जोड काठाखाली असा लपविला होता की आमच्या दृष्टीस पडलाच नाही.

तेव्हा शोधावयाची ती एक वृद्ध बाई, रोह्याच्या परिसरात, जिच्या पेटीत जुने खण आहेत.

आठ दिवसांनी सौ. आणि आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. पेण सोडले की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहे. दोन्ही बाजूंस भात कापलेली शेते आणि त्यांत वालाची हिरवी रोपे. हा सारा मुलूख 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे, आणि आमच्या पिढीच्या तोंडी ते नाव अजून येते. रोह्यास उतरताना सर चिंतामणराव देशमुखांची आठवण झाली. त्यांचे बालपण येथे गेले. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्यांची सही नोटांवर झळकली. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा पुरुष आम्हां संस्कृताच्या शिक्षकांचा फार लाडका. ज्याची सही घरोघरी पोहोचली त्या पुरुषाच्या गावी आम्ही एका बिनसहीच्या कामाची मालकीण शोधावयास आलो होतो.

शोधात आम्ही ज्या चुका केल्या त्या थोडक्यात सांगतो. प्रथम शिंप्याकडे गेलो. तो म्हणाला, "कुंची? आता तयार टोप्या येतात, मास्तर." मग कापडाच्या दुकानी विचारले, त्यांनी यंत्रावर शिवलेल्या, चकाकत्या जरीच्या कुंच्यांचा ढीग पुढे टाकला. गटाच्या एक ताई भेटल्या. परंतु गाठोडे तीन वाड्यांवरून गोळा झाले होते. त्यांनी सांगितलेल्या पहिल्या घरी गोधड्या निघाल्या, दुसऱ्या घरास कुलूप होते. दुपार कलली. कुंडलिकेच्या काठी आम्ही डबा सोडला, तेव्हा सौं.ना सुचले ते आम्हांस सुचले नव्हते. त्या म्हणाल्या, "कुंची कोण विकतं हे विचारत हिंडलो. बाळाला ती घालतं कोण?"

बाळ-बाळंतिणीस न्हाऊ घालणारी बाई! गावातील प्रत्येक बाळ जिच्या पायांवर न्हाले, तिला प्रत्येक कुंची ठाऊक असणारच. रसवंतीवाल्याने घर दाखविले. सौं.नी मानेमागच्या फुलाचे वर्णन करताच त्या बाई म्हणाल्या, "अगोबाई, ते आमच्या काकूंचं. चला, मी येते." जे आम्हांस दिवसभर साधले नाही ते दहा मिनिटांत झाले.

काकूंचे वय ब्याऐंशी. एका जुन्या घराच्या पडवीत, उजेडाकडे तोंड करून त्या बसल्या होत्या. (त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, तसे त्यांनीच सांगितले आहे.) एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले आहे, दुसऱ्याचे राहिले आहे. नववीतील नात शाळेत जाण्यापूर्वी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवते; तेवढ्या संपल्या की त्या दिवसाचे शिवण संपले. सकाळी अकरा ते दोन, एवढाच उजेड त्यांच्या डोळ्यांना पुरतो. एका कुंचीस असे चार दिवस लागतात.

आम्ही मोठ्या उत्सुकतेने फुलाविषयी विचारले. आमच्या मातोश्रींच्या हातचे फूल त्यांच्याकडे कसे आले? कोणाकडून शिकल्या? काकू हसल्या. "फूल कसलं, गुरुजी! पोरं मान वळवतात, तिथं ताण येतो. चुणी उसवू नये म्हणून पाच टाके फिरवायचे. सगळ्याच बायका घालीत."

आमची सारी कल्पना कोसळली. ज्याला आम्ही मातोश्रींची खूण समजत होतो ती कोणा एकीची नव्हती. तथापि क्षणभराने वाटले, हे उत्तर आमच्या कल्पनेपेक्षा मोठे आहे. मूल मान कोठे वळवील याचा विचार करून ज्यांनी पाच टाके अधिक घातले त्या शेकडो बायकांचे ते फूल होते.

सौं.नी सुनेसाठी कुंची सांगितली. काकूंनी बाळ कधी होणार ते विचारले आणि म्हणाल्या, "बारशाला नाही व्हायची. पण माया जास्त ठेवीन, वर्षभर पुरेल."

वाचकहो, 'माया' हा शब्द आम्ही वर्गात किती वेळा फोडून सांगितला असेल! वेदान्तात माया म्हणजे जगाचा भास घडविणारी शक्ती. मराठीत माया म्हणजे ममता. परंतु शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून राखलेले जादा कापड, हे आम्हांस घरात ऐकूनही कधी जाणवले नव्हते. मूल वाढते, मग टाके उसवावयाचे, आतली माया बाहेर काढावयाची, आणि तेच वस्त्र पुन्हा बेताचे करावयाचे. कारखान्यातील कपड्यात कापड वाचवावयाचे म्हणून ही माया अगदी बारीक ठेवतात, आणि ते ओघानेच येते. तेथे मूल कोणाचे हे ठाऊक नसते. घरच्या शिवणीत मूल कोणाचे ते ठाऊक असते, आणि ते वाढणार आहे हेही.

आता हिशेबाचे बोलू. जुन्या मास्तरास ते टाळता येत नाही. जत्रेतील सहाशेपैकी काकूंना तीनशे मिळाले होते. त्यांतून अस्तर, दोरा, गोट आणि खणाची किंमत मिळून एकशेचाळीस वजा जाता उरले एकशेसाठ. चार दिवस रोज तीन तास म्हणजे बारा तास. ताशी तेरा रुपयांच्या किंचित वर! आणि आम्ही त्यांतले दोनशे कमी करावयास निघालो होतो. उरलेले तीनशे गटाने खाल्ले असेही नव्हे. गाड्याभाडे, गाळा, चार दिवसांचे जेवण आणि न खपलेल्या मालाचा तोटा त्यातूनच भागतो. लबाडी कोणीच केली नव्हती, तरीही जिने शिवले तिच्या वाट्यास सर्वांत कमी आले.

पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 मध्ये विनोबा भावे जन्मले. वर्ध्याजवळ नालवाडीस असताना सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणसाचा निर्वाह होतो की नाही हे त्यांनी स्वतः कातून पाहिले. पुढे 1935 मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारत चरखा संघाने, खादी महागली तरी चालेल परंतु कातणारीस पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असे तत्त्व स्वीकारले. हा इतिहास आम्ही मुलांना शिकविला आहे. परीक्षेत त्यावर गुण दिले आहेत. जत्रेत आमची स्वतःची परीक्षा झाली तेव्हा मात्र आम्ही नापास झालो.

आम्ही काकूंना म्हटले, "सहाशे आम्ही तुमच्या हातात देतो, गट मध्ये नको." त्यांनी मान हलविली. "त्यांनी जत्रेत नेली म्हणून तुम्ही आलात. त्यांना चुकवून विकले तर पुढे माझे गाठोडे कोण नेईल?" शेवटी गटाच्या ताईंना बोलावून ठरले की किंमत नऊशे, त्यांपैकी सहाशे काकूंचे. पुन्हा हिशेब केला: साहित्य वजा जाता बारा तासांचे चारशेसाठ, ताशी अडतीस रुपये. फार नाहीच, परंतु देताना मान खाली घालावी लागली नाही.

आणखी एक विनंती आम्ही केली. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवून 'कांथा' करतात. संस्कृतातील 'कन्था' तीच. मानदासुंदरी दासी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी केलेल्या कांथ्यावर टाक्यांनी आपले नाव लिहिले, आणि गुरुसदय दत्त यांनी जमविलेल्या संग्रहात तो कांथा जपला गेल्यामुळे ते नाव आज आपणांस ठाऊक आहे. ही हकीकत सांगून आम्ही म्हटले, "काकू, अस्तरावर आपलं नाव घाला." त्या म्हणाल्या, "बाळाच्या अंगावर माझं नाव कशाला? ते त्याच्या आईचं लेकरू." यावर काय बोलावे? तेव्हा सौ. म्हणाल्या, "मग आम्ही घरच्या वहीत लिहून ठेवू, चालेल?" काकू जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "लिहा. वहीला काय हरकत?"

पौषाच्या अखेरीस नातू झाला. बारसे कुंचीवाचून झाले. फाल्गुनात गटाच्या ताई गाठोडे घेऊन पेणेस आल्या. या वेळी खण जांभळा होता. थोरल्या वहिनींनी प्रथेप्रमाणे प्रथम उलट बाजू पाहिली, बोट फिरविले आणि म्हणाल्या, "हा डावा बंद दुसऱ्या हाताचा आहे. टाके वाकडे आहेत, पण घट्ट आहेत." आम्ही ताईंना विचारले. नातीला शिवणयंत्रच शिकावयाचे आहे, आणि ते तिने शिकावेच. परंतु सुट्टीच्या एका दुपारी आजीचा डोळा दुखत होता म्हणून तो बंद तिने शिवला होता.

जाता जाता घरातील मातांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कुंची मिरवावयास आहे, निजवावयास नाही. बाळ झोपले की डोके झाकलेले ठेवू नये व बंदही बांधलेले ठेवू नयेत, असे आजचे बालरोगतज्ज्ञ बजावतात. आमच्या सुनेने ते आम्हांस ऐकविले आणि आम्ही ते मानले. दुसरे, बाळाचे कपडे पेटीत ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नयेत. काही बाळांना जन्मतःच रक्तातील एक द्रव्य कमी असते, त्यांना या गोळ्यांच्या वासाने तीव्र कावीळ होऊ शकते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळावेत, हे उत्तम.

येत्या संक्रांतीस बोरन्हाण आहे. तेव्हा माया उसवून हीच कुंची नातवास घालावयाची आहे. पेटीत तिच्यासोबत सुनेने एक चिठ्ठी ठेवली आहे, आणि वहीतही तोच मजकूर उतरविला आहे: खण कोणता, शिवली कधी, गाव रोहे, काकूंचे संपूर्ण नाव, आणि त्याखाली, "डावा बंद, नातीने." आमच्या मातोश्रींच्या कुंचीची अशी चिठ्ठी कोणी लिहिली नव्हती. आमच्या वाचकांच्या पेट्यांत अजून अशी जी वस्त्रे असतील, त्यांची चिठ्ठी सांगणारे माणूस घरात आहे तोवर लिहून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.